नऊ आणि दहाच्या मधली भिंत

१

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर जिला जिला, ज्याला ज्याला सांगितली, त्या प्रत्येकाने शेवटी "काका, उगाच काहीही" म्हणून चहाचा कप खाली ठेवलाय. यात माझाही थोडा दोष आहे. फाटकाची कडी शिंगाने उघडणारी गाय मी या गावात रुजवली, आणि नुसत्या धारेच्या आवाजावरून मी गाईचं वय सांगतो हेही मीच पसरवलं. ते खोटं होतं, कबूल. ही गोष्ट मात्र खरी आहे. दोन-चार ठिकाणी वाढवलीय तेवढीच. ती ठिकाणं मला ठाऊक आहेत, तुम्हाला सापडली तर तुमचं नशीब.

दूध केंद्राच्या मागच्या शेडमध्ये मी ती दर वर्षी सांगतो. मशीनवर धार काढायला शिकणारे नवे गडी येतात, आठ-दहा जण, चार दिवसांसाठी. शेवटच्या दुपारी मशीन कसं धुवायचं हा धडा असतो, आणि तो संपला की माझी गोष्ट. परवाही तसंच होतं. गाईच्या सडांना लावायचे मशीनचे कप धुऊन दांडीवर उलटे टांगलेले, खाली थेंबांची रांग. टँकर भरायला अवकाश होता म्हणून टँकरवालाही येऊन बसला होता, माझ्या चुका काढायला.

आणि दाराशी स्टुलावर ताई. धुण्याचा धडा तीच देते. रबरी नळ्या उजेडाकडे धरून, आतून बघून, ती एकेक गुंडाळून ठेवत होती. नव्या गड्यांना मी आधीच सांगून टाकलं की ही गोष्ट हिचीच आहे. तिने ती माझ्या तोंडून दहा वेळा तरी ऐकलीय. हसत नाही, टोकत नाही, खाली मान घालून हातातलं काम करते. पण अकरा वर्षं झाली, रोज सकाळी तिच्याकडून माझ्या घरी अर्धा लिटर दूध येतं. मी नको म्हणतो. मग घेतो.

तर, अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी मी पांढरा नाला पाहिला.

गोठ्याच्या मागे शेणपाणी वाहून नेणारी सिमेंटची गटार होती, तिच्यातून सातशे लिटर दूध चाललं होतं. काठावर दोन कुत्री उभी होती. पुढे यायची, हुंगायची आणि पाय मागे घ्यायची.

"गेल्या वर्षी कावळे मेले होते," टँकरवाला म्हणाला.

या वर्षी कुत्री आहेत, मी म्हणालो, गप ऐक.

गटारीच्या टोकाला एक बाई आपलं अंथरुणाचं गाठोडं छातीशी धरून उभी होती. तिच्यासमोर गोठ्याचा मालक, हातात फोन. तो कुणाला लावत होता ते त्याने मी न विचारताच सांगितलं. पोलिसांना.

२

मी मशीनचा फिटर, आणि दूध तपासायचं कामही करायचो. तिकडच्या चाळीसेक गोठ्यांतून माझी ये-जा होती, पण या गोठ्यात माझं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. माझी पिशवी तेव्हाही हीच. तिच्यात एक टॉर्च, काचेच्या डझनभर नळ्या, निळ्या औषधाची बाटली, दूधपाइपाचे गोल नट उघडायचा आकड्यासारखा पाना, पाच-सहा साधे पाने, आणि एक छोटा पाना, वीतभर.

मालकाने मला आत नेलं. तो चार वर्षांपूर्वी शहरातली नोकरी सोडून, वडील गेल्यावर, हा धंदा सांभाळायला आला होता. अठरा गाई, दोन शेड. पहिल्या शेडमध्ये एक ते नऊ, दुसऱ्यात दहा ते अठरा, मधे जाड भिंत. भिंतीतल्या बोळातून पलीकडे जाताना वर लोखंडी तुळई आडवी आलेली. मालक मागे वळून बोलत चालला होता, त्याचं कपाळ तिच्यावर आपटलं. चार वर्षं झाली तरी आपटतंच, म्हणाला. मी मात्र आधीच वाकलो होतो.

"तुम्हाला कसं कळलं?" एका गड्याने विचारलं.

माझ्या टकलाला डोळे आहेत, मी म्हणालो. सगळे हसले. ताईने एक नळी उजेडाकडे धरली.

मालकाचं म्हणणं सरळ होतं. दोन महिन्यांपासून दूध नासत होतं. रोज नाही, अधूनमधून. आज ठीक, उद्या ठीक, परवा टाकी उघडावी तर आंबूस वास. डेअरीने दोनदा दूध परत पाठवलं होतं. आता तिसरा नमुना परवा सकाळी घ्यायचा होता, तो बिघडला तर टँकर कायमचा बंद. एवढ्यावर भागलं असतं तर मालकाने कपाळाला हात लावून सोडून दिलं असतं. पण त्याचा चार वर्षांचा नातू रोज सकाळी टाकीच्या नळाखाली पेला धरून कच्चं दूध प्यायचा. तो परवापासून दवाखान्यात होता. जुलाब, ताप, डोळे उघडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी वाईट गेलंय.

"काहीतरी गेलं नाही, कुणीतरी घातलंय," मालक म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बोट केलं.

गाठोडंवाली बाई तिथेच उभी होती. धार काढायची, मशीन धुवायची, गोठ्यालगतच्या खोलीत एकटी राहायची. पोर आजारी पडायच्या आदल्या दिवशी मालकिणीने तिला चार लोकांत फाडफाड बोलून घेतलं होतं. आणि त्याच संध्याकाळी मालकिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की ही बाई एका काळ्या डब्यातून धुण्याच्या हौदात काहीतरी ओततेय. इकडे तिकडे बघत.

मी परवापर्यंतची मुदत मागितली. मालकाने फोन खिशात टाकला. "परवा सकाळपर्यंत. नमुना बिघडला की ती पोलिसांकडे. आणि पोराला काही झालं," तो थांबला, "तर पोलिसांची वाट बघणार नाही मी."

३

संशयित म्हटले की तीन तरी पाहिजेत, नाहीतर गोष्टीला चव नाही. देवदयेने तिथे तीनच होते.

दुसरा मालकाचा धाकटा भाऊ. गाई विकाव्या आणि शेड भाड्याने द्यावी असं त्याचं कधीपासूनचं टुमणं. मी त्याला पंपाच्या खोलीत गाठलं. कानाला पेन्सिल, शर्टाला ग्रीसचा वास. तो मला आधी आपला पंप दाखवायला लागला. दूध खेचणारा जुना पंप दम लागल्यासारखा चालायचा, म्हणून त्याने नवा आणला होता, दुप्पट जोराचा. कधी, म्हणून विचारलं. दोन महिने झाले, म्हणाला. आणि मग माझ्या तोंडाकडे बघून त्याची पेन्सिल खाली पडली.

"माझ्याकडे असं काय बघता? पंपात दूध जातच नाही, नुसती हवा जाते. पंपाने दूध कसं नासेल?"

त्याचं बरोबर होतं. नासायला नको होतं. पण दूध नासायला लागलं तेही दोन महिन्यांपूर्वीच, त्याच आठवड्यात. गाई विकायच्या असतील तर दूध नासण्यासारखी सोय नाही, हेही खरं. मी मान हलवली आणि पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली.

तिसरा पावडरवाला. मशीन धुवायची पावडर आणि आम्ल हाच पुरवायचा. त्याच्या गाडीत दोन वेगवेगळ्या नावांच्या पिशव्या होत्या, आणि दोन्हींत माल एकच होता. ते मला चिमूटभर पावडर ओल्या बोटांत चोळल्याबरोबर कळलं. त्याला दरदरून घाम फुटला. रडकुंडीला येऊन तो म्हणाला, नावं दोन असली तरी माल चांगला आहे हो काका, जास्त दराची पिशवी फक्त शेजारच्या मोठ्या गोठ्याला देतो, ते लोक स्वस्त वस्तूवर विश्वास ठेवत नाहीत. मी ती पावडर उकळत्या पाण्यात घालून दुधाने बरबटलेला कप बुडवला. कप चकचकीत निघाला. लबाड होता, पण पावडर त्याची इमानदार होती.

दुपार कलली. दवाखान्यातून निरोप आला, पोराला सलाइन लावलंय, अजून ओळख देत नाही. घरातून मालकीण बाहेर आली. सरळ धारवाल्या बाईच्या खोलीत शिरली आणि काळा डबा घेऊन बाहेर आली. मधल्या अंगणात तिने तो माझ्या पायाशी आपटला.

"बघा बुडाला काय आहे," ती म्हणाली.

बुडाला पांढरी, खरखरीत पूड चिकटलेली होती.

४

सगळे लांब उभे राहिले. मी खाली बसलो, बोटाने पूड खरवडली आणि चाटली.

"मागच्या वेळी डॉक्टरने चाटली होती," टँकरवाला म्हणाला.

डॉक्टर त्या दिवशी पोराजवळ होता, मी म्हणालो, चाटायला मीच उरलो होतो. चव खडूसारखी. पाणी वारंवार उकळलं की भांड्याच्या बुडाला जो क्षार धरतो, तोच. बाहेरून डबा काळा होता तो चुलीच्या काजळीने. विष असं उकळवून उकळवून कुणी देत नाही.

मी त्या बाईला गाईंच्या पाण्याच्या टाकीवर बसवलं आणि विचारलं. ती बोलली माझ्याकडे न बघता, हातावरच्या भाजल्याच्या खुणांकडे बघत. हीटरचं पाणी तिला पुरेसं कढत वाटत नव्हतं, म्हणून ती आपल्या चुलीवर डबाभर पाणी उकळून हौदात ओतायची. चोरून, कारण मालकिणीने सरपणावरून एकदा टोकलं होतं. पण एवढं करायचं कशाला, मी विचारलं, पावडर चांगली आहे, हीटर चालू आहे.

"वास येतो," ती म्हणाली.

कसला?

"धुऊन झाल्यावर मी पाइपाच्या टोकाला नाक लावते. रोज. दोन महिन्यांपासून कधीकधी वास येतो. ओल्या फडक्याचा, कोपऱ्यात विसरलेल्या. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तुझंच फडकं असेल."

तिने मला आपली फडकी दाखवली. उन्हात वाळून पापडासारखी कडक झालेली. मी कितीतरी गोठे पाहिलेत, धुतलेल्या पाइपाला नाक लावणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. आणि सगळ्यांचं बोट नेमकं तिच्याकडे होतं, कारण मशीनला हात लावणारी तीच एकटी.

ती उठताना म्हणाली, "काका, मला इथून घालवलं तर मी जाईन. पण ते पोर माझ्याकडून पेला धुऊन घ्यायचं. मी त्याला काही घातलं असं कुणी म्हटलं, तर मग मी कुठल्याच गोठ्यात उभी राहू शकणार नाही."

मी तिला सांगितलं, काही काळजी करू नकोस. माणसं बोलून जातात तसं बोललो. ती गेली, आणि मी त्या टाकीवर बराच वेळ बसून राहिलो.

५

निळ्या औषधाची परीक्षा तुमच्या धड्यात आहेच, गड्यांनो, पण मजा बघा. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, निळ्या औषधाचा थेंब टाकायचा, कोमट पाण्यात ठेवायचं. दूध स्वच्छ असेल तर निळा रंग पाच-सहा तास टिकतो. दुधात जंतूंची जत्रा असेल तर ते निळ्याला खातात. रंग उडतो आणि नळी पांढरी पडते. जितकी लवकर पांढरी, तितकं दूध वाईट.

पहिल्या संध्याकाळी मी प्रत्येक गाईची हाताने धार काढून घेतली. अठरा गाई, अठरा नमुने. नळ्या कमी पडल्या म्हणून घरातले काचेचे पेले घेतले. सगळे निळे राहिले. म्हणजे गाई निर्दोष.

दुसऱ्या दिवशी मशीनने धार काढली, दूध पाइपातून टाकीत गेलं, टाकीतून मी नमुना घेतला. पाऊण तासात नळी पांढरी. सडातून निघालेलं दूध चांगलं, टाकीत पोचलेलं वाईट. आता टाकीच वाईट असेल का? मी टाकी स्वतः घासली, स्वच्छ दूध ओतून पाहिलं. निळंच राहिलं. मग उरला फक्त पाइप. आणि तो पाइप तर माझ्या डोळ्यांदेखत धुतला जात होता, आधी कोमट पाण्याने, मग कढत पावडरीने, मग आम्लाने. हात भाजेल इतका कढत. त्यातून जिवंत राहील असं काय होतं आत?

दवाखान्यातून निरोप आला, पोराने एकदा डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. त्या संध्याकाळी मालक गोठ्यात आला तेव्हा त्याने बाईकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यातलं फावडं उचलून भिंतीला नीट उभं करून ठेवलं आणि गेला. ते फावडं मला आवडलं नाही.

तिसऱ्या सकाळी, नमुना घ्यायला डेअरीचा माणूस यायच्या आधी तीन तास, मी बाईला म्हणालो, आज सगळ्या गाई एकदम नको. आज अर्ध्या-अर्ध्या.

पाइप कसा होता ते बघा. पहिल्या गाईपासून निघायचा, नववीशी भिंतीत शिरायचा, पलीकडे दहावीशी बाहेर पडून अठरावीपर्यंत जायचा आणि मग टाकी. आधी आम्ही फक्त दहा ते अठरा या गाईंची धार काढली. नळी भरून ठेवली. मग पाइप रिकामा करून, टाकी धुऊन, फक्त एक ते नऊ.

दोन नळ्या कोमट पाण्यात शेजारी-शेजारी उभ्या. दोन्ही निळ्या. बाई उकिडवी बसून बघत होती. दहा मिनिटं, वीस, पंचवीस.

दुसऱ्या नळीच्या तळाशी पांढरा डाग आला. तो वर चढायला लागला.

६

एक ते नऊ याच गाईंचं दूध भिंतीतून जात होतं. आणि त्या गाई तर निर्दोष ठरल्या होत्या. मग बिघाड एकाच जागी असणार. नऊ आणि दहाच्या मधे, भिंतीत.

बोळाच्या कडेला, तुळईच्या खाली, भुसाची पोती रचलेली होती. आम्ही दोघांनी ती ओढली. मागे भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्यातून पाइप जात होता. पाइपाच्या पोटात मधेच टी होता, म्हणजे तीन तोंडांचा जोड. दोन तोंडांनी दूध ये-जा करायचं, आणि तिसरं तोंड हातभर पुढे जाऊन बंद. बूच मारलेलं. मालकाच्या वडिलांना कधीकाळी तिसरी शेड काढायची होती, तिच्यासाठी ठेवलेला फाटा. शेड झाली नाही, फाटा राहिला. कुठल्यातरी फिटरने घाईघाईत, दुधाच्या पाइपाचं गोल झाकण मिळालं नाही म्हणून, पाण्याच्या नळाचं षटकोनी बूच ठोकून वेळ मारून नेली होती. "आत्तापुरतं राहू द्या, पुढच्या आठवड्यात येऊन काढतो" असं म्हणाला असेल. आम्ही सगळे म्हणतो. त्या फिटरला मी तिथल्या तिथे ज्या शिव्या दिल्या त्या ताई इथे बसलीय म्हणून सांगत नाही.

कोनाडा आणि बूच यांच्यात अंतर चार बोटं. आकड्याचा पाना लागेना, कारण नट षटकोनी. साधा पाना आत जाईना, कारण दांडा भिंतीला अडायचा. डेअरीचा माणूस फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होता. बाईच्या हातात टॉर्च, माझी पाठ तिच्याकडे.

"आता छिन्नी," टँकरवाला गड्यांना म्हणाला. "दर वर्षी इथे छिन्नी आणि हातोडा येतो, ठिणग्या उडतात."

माणूस म्हातारा झाला की कधीकधी त्याच्या जिभेला सुटका पाहिजे असते. मी म्हणालो, छिन्नी नव्हती रे. छिन्नीने पाइप फुटला असता. आज खरं तेच सांगतो. आणि मी पिशवीत हात घालून तो वीतभर पाना काढला. याचा दांडा कापलेला आहे, बघा, चार बोटांच्या फटीत फिरतो. एक झटका, दुसरा झटका, बूच हातात. हा घ्या, फिरवा सगळ्यांत. अशी कारागिरी आता बघायला मिळत नाही.

पाना पहिल्या गड्याच्या हातात दिला आणि पुढे चालू ठेवलं.

बूच निघालं आणि आतून जे आलं त्याला शेंबूड म्हणालो तर शेंबडाचा अपमान. पिवळट, गुलाबी झाक असलेलं, हातभर लांब. बोट लावलं तर बोटाबरोबर तार आली. वास ओल्या फडक्याचा, हजार फडक्यांचा. आणि देवाशपथ, उजेड पडल्यावर ते आत सरकलं.

"सरकलं नसेल," टँकरवाला.

सरकलं. बरं, थोडंसं.

ते जंतूंचं घर होतं, गड्यांनो. जंतू एकटा असला की पाण्याबरोबर वाहून जातो. पण कुठे अडोसा मिळाला की तो चिकटतो, त्याला दुसरा, मग लाखभर, आणि सगळे मिळून अंगाभोवती चिकट पांघरूण विणतात. दात घासले नाहीत की जिभेला जो बुळबुळीत थर लागतो तसं. त्या पांघरुणात पावडर शिरत नाही, आम्ल शिरत नाही. आणि बंद फाट्यात तर कढत पाणी पोचतच नव्हतं. मुख्य पाइपातून धावत निघून जायचं, फाट्यात हवा अडकलेली, आत सगळं कोमट, निवांत. वर्षानुवर्षं ते तिथे वाढत राहिलं. जुना पंप म्हातारा होता, दूध संथ जायचं, त्या थराची झोप मोडत नव्हती. धाकट्याने दुप्पट जोराचा पंप बसवला आणि पाइपात धक्के बसायला लागले. एखाद्या दिवशी त्या थराचा लचका तुटायचा, दुधात पडायचा. म्हणून कधी दूध चांगलं, कधी वाईट. म्हणून दोन महिन्यांपासून. आणि त्या लचक्यातलाच एखादा एका सकाळी नळाखालच्या पेल्यात.

मी फाटा तोडून टाकला, पाइप सरळ जोडला, तीनदा धुतला. डेअरीच्या माणसाला सगळं दाखवलं, तो दुसऱ्या दिवशी आला, नमुना पास. मालक बाईच्या खोलीसमोर जाऊन उभा राहिला. तिने दार उघडून गाठोडं सोडलं आणि अंथरूण पुन्हा खाटेवर टाकलं. पोर आठवड्याने घरी आलं. बाईचं नाक दूध केंद्रापर्यंत पोचलं आणि केंद्राने तिला इथे बोलावून घेतलं. तीच ही ताई. तर सांगायचं एवढंच, की तीन दिवस डोकं शांत ठेवून, एकेक नळी भरत गेलं, तर भिंतीतलं रहस्यसुद्धा—

७

पाना फिरत फिरत दाराशी पोचला होता. ताईने हातातली नळी बाजूला ठेवली होती. तिने फडक्याला हात पुसले आणि पाना उजेडाकडे धरला, नळी धरते तसा. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"काका," ती म्हणाली, "टोक कानशीने घासून गोल केलंय."

हत्यार नीट ठेवावं माणसाने, मी म्हणालो.

"घासून घासून. हाताला टोचू नये म्हणून. त्या सकाळी घाईत कापलेला नाही हा."

टँकरवाला पाय हलवायचा थांबला.

"तुमच्या पिशवीत सात-आठ पाने असतात, मी अकरा वर्षं बघतेय. दुसरा एकही कापलेला नाही. दुधाच्या पाइपाला सगळीकडे गोल नट. षटकोनी बूच, तेसुद्धा चार बोटांच्या फटीत, आणखी कुठल्या गोठ्यात आहे?"

मी एक गोठा सांगितला, नदीपलीकडचा.

"तिथे उघडी शेड आहे," टँकरवाला हळूच म्हणाला. "भिंतच नाही."

दांडीवरच्या कपांतून थेंब पडत होते. ताई उठली, शेडच्या मधून चालत माझ्यासमोर आली आणि तिने पाना माझ्या पिशवीवर ठेवला. आवाज चढवला नव्हता. धडा देते तसंच बोलत होती, एकेक पायरी.

"बूच बसवतानाच दांडा अडला असणार. तेव्हा तुम्ही हा कापलात. तुळईखाली तुम्ही वाकलात, कारण तेव्हा एकदा डोकं आपटून झालं होतं. गोठा तुम्ही आधी पाहिला नव्हता म्हणता, आणि पहिल्याच दिवशी हा पाना पिशवीत होता." ती थांबली. "म्हणजे पाण्याच्या टाकीवर बसून मी वास सांगितला, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं कुठून येतो ते."

मी पाना उचलून पिशवीत तळाशी सारला. इतकी वर्षं त्याने मला कधी दगा दिला नव्हता.

"मग त्या नळ्या कशाला भरत बसलात, काका? तीन दिवस ते पोर सलाइनवर होतं. डॉक्टर आम्हाला एकच विचारत होते, पोटात काय गेलंय ते सांगा."